सध्या ग्लासात काय, फर्मेंटरमध्ये काय? आणि माझ्या पिल्सनरमधल्या लोण्याचं काय करू?

साझप्रेमी

नमस्कार मंडळी, काय पिताय आणि काय बनवताय सध्या? आधी माझं सांगतो, मग एक प्रश्न आहे, जरा लांबलचक आहे पण प्लीज मनावर घ्या.

ग्लासात पिल्सनर उर्केल, चेक बिअर. गेले दोन आठवडे रोज रात्री एक छोटा ग्लास, आणि तोही अभ्यास म्हणून, कारण फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) माझी पहिलीवहिली चेक पिल्सनर बसली आहे, २० लिटर. आत्तापर्यंत सात-आठ बॅच झाल्या त्या सगळ्या एल (उबेत आंबणारी बिअर), लागरला (थंडीत आंबणारी) हात लावला नव्हता कारण थंड ठेवायची सोय नव्हती, आता एक जुना फ्रिज आणि टेम्परेचर कंट्रोलर असं जुळून आलंय. रेसिपी मुद्दाम साधी ठेवली, जवळजवळ सगळा पिल्सनर मॉल्ट (मोड आणून वाळवलेलं जव), चिमूटभर म्युनिक मॉल्ट, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) फक्त साझ या चेक जातीचे, तीन वेळा टाकले, झाकण न ठेवता ९० मिनिटं उकळ. सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे साखरेमुळे येणारी घनता, १.०४८. यीस्ट डब्ल्यू-३४/७० ची दोन पाकिटं, १० डिग्रीला लावली आणि तिथेच ठेवली.

आज बारावा दिवस. ग्रॅव्हिटी १.०१४, एअरलॉक (गॅसचे बुडबुडे बाहेर सोडणारी नळी) जवळपास शांत. सॅम्पल चाखलं तर आधी छान ब्रेडसारखा मॉल्ट, मग साझचा तो गवती-मसालेदार कडवटपणा, आणि मागून सरळ लोणी. जिभेवर एक गुळगुळीत थर बसतो आणि दुसऱ्या घोटाला तोच आधी जाणवतो. हे डायॲसिटिल असतं एवढं वाचलंय. पण गोंधळ असा की उर्केलच्या ग्लासात पण मला तसलंच काहीतरी लागतं, खूप कमी, पण आहे. मग हा दोष म्हणायचा की स्टाइल? शनिवारी २ डिग्रीला कोल्ड क्रॅश करून (झटकन गार करून) लागरिंगला (थंडीत मुरायला) टाकायचा बेत आहे, तर करू का?

थंडतळघर

शनिवारचा क्रॅश रद्द कर भाऊ, बाकी सगळं नंतर वाच.

आता का ते सांगतो. यीस्ट वाढत असताना स्वतःसाठी व्हॅलिन नावाचं अमिनो ॲसिड तयार करतं, त्या वाटेवर अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा एक पदार्थ थोडा बाहेर सांडतो. त्याला स्वतःला चव नाही. तो बिअरमध्ये पडून राहतो आणि हळूहळू, यीस्टची काही मदत न घेता, डायॲसिटिल होतो, म्हणजे तुझं लोणी. मग तेच यीस्ट ते डायॲसिटिल परत आत ओढून घेतं आणि त्याचं असं काही करतं की चव जवळजवळ राहतच नाही. म्हणजे ज्याने घाण केली तोच साफ करतो, पण त्याला जागं ठेवावं लागतं. आणि यातली सगळ्यात मंद पायरी आहे ती मधली, अल्फा-ॲसिटोलॅक्टेटचं डायॲसिटिल होण्याची, ती थंडीत रांगते आणि ऊब मिळाली की पळते.

आता तू २ डिग्रीला नेलंस तर काय होईल बघ. यीस्ट झोपून तळाला बसेल, आहे ते लोणी तसंच राहील, आणि जे अजून लोणी झालेलंच नाही ते बाटलीत गेल्यावर होईल. महिन्याभराने बाटली उघडशील तर आजच्यापेक्षा जास्त. माझी पहिली हेलेस (फिकट जर्मन लागर) अशीच गेली, बॉटलिंगच्या दिवशी एकदम स्वच्छ होती, सहा आठवड्यांनी नुसता बटर पॉपकॉर्न. सगळी ओतून टाकली आणि तो दिवस अजून आठवतो.

तर असं कर, कंट्रोलर आजच १७-१८ वर ने, फ्रिज बंद करून आपोआप चढू दिलंस तरी चालेल. तीन दिवस ठेव. खरं तर हे आधीच करायला हवं होतं, १.०२० च्या आसपास असताना, तेव्हा यीस्ट जोरात असतं, पण अजून दोन-चार पॉइंट (ग्रॅव्हिटीचे हजारावे भाग) बाकी आहेत त्यामुळे उशीर झाला असं म्हणणार नाही. मग टेस्ट कर. दोन ग्लासांत सॅम्पल घे, एक झाकून बाजूला ठेव, दुसरा फॉइल लावून ६०-६५ डिग्रीच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेव, मग पहिल्याइतकाच गार कर. दोन्हींचा वास घे. दोन्हीत लोणी असेल तर यीस्टला अजून वेळ हवाय. फक्त गरम केलेल्यात असेल तर पुढे बाटलीत होणार होतं ते तुला आज दिसलं, तेव्हाही थांब. दोन्ही स्वच्छ आले तरच खाली ने. वास घेताना शक्यतो अजून एका माणसाला बोलव, कारण काहींना डायॲसिटिल फारसं जाणवतच नाही, आणि आपण त्यातले आहोत हे स्वतःला कळत नाही.

उर्केलचं म्हणशील तर तुझी जीभ बरोबर आहे, त्यात ते असतंच आणि त्या बिअरचा तो भाग मानला जातो. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रूअरने प्लझेनमध्ये ती पहिल्यांदा काढली, मऊ पाणी, फिकट मॉल्ट, साझ, आणि आजही तीन वेळा डिकॉक्शन करतात, म्हणजे मॅशचा (गरम पाण्यात भिजवलेल्या मॉल्टचा) थोडा भाग काढून, उकळून परत मिसळतात. अल्कोहोल फक्त ४.४ टक्के आहे, म्हणजे बरीच साखर न संपता मागे राहते, त्यामुळे अंग भरलेलं लागतं, आणि कडवटपणा चांगला दणकट असतो, त्या सगळ्यात तेवढंसं लोणी बसून जातं. पण त्यांना ते दर वेळी तेवढंच ठेवता येतं. आपल्याला येत नाही. म्हणून माझं मत, आधी शून्यावर आणायला शिक.

मी सध्या माझीच श्वार्झबिअर (काळी जर्मन लागर) पितोय, आठ आठवडे लागर केलेली, काराफा स्पेशल हा भाजलेला मॉल्ट वापरला, साल काढलेला, म्हणून रंग काळा पण जळका कडवटपणा नाही. शेजारी बाजारातली क्योस्ट्रित्सर ठेवून प्यायलो, माझी जराशी गोड आहे, पुढच्या वेळी मॅश ६७ ऐवजी ६५ ला.

अर्धापाइंट

थंडतळघर यांनी सांगितलंय ते सगळं बरोबर, फक्त "शून्यावर आण" हे मला सरसकट पटत नाही. मी इंग्लिश एलवाला माणूस, माझ्याकडे डायॲसिटिलकडे इतकं वैऱ्यासारखं बघत नाहीत. चांगल्या बिटरमध्ये (इंग्लिश एलचा एक प्रकार) अगदी किंचित असेल तर कॅरॅमल आणि टॉफीच्या मागे ते जोड देतं, मॉल्ट गोलसर वाटतो. प्रश्न फक्त किती याचा आहे. साझप्रेमी म्हणतोय की दुसऱ्या घोटाला तेच आधी जाणवतं, तर ते नक्कीच जास्त झालं, त्यात वाद नाही. पण शोधून सापडेल इतकंच उरलं तर चेक लागर आहे बाबा, हेलेस नाही, तेवढ्यासाठी बॅच खराब समजू नकोस.

इंग्लिश यीस्ट वापरणाऱ्यांनी मात्र हे लक्षात ठेवा, त्यातली बरीच यीस्ट इतकी पटकन गोळा होऊन खाली बसतात की साफसफाई अर्धवट राहते. मी तिसऱ्या-चौथ्या दिवशी फर्मेंटर हलक्या हाताने गोल फिरवतो, झाकण न उघडता, की तळाचं यीस्ट परत वर येतं, आणि दोन डिग्री वाढवतो. तेवढ्याने फरक पडतो.

सध्या माइल्ड (हलकी इंग्लिश एल) आहे केगमध्ये, ३.४ टक्के, गडद. मारिस ऑटर, थोडा क्रिस्टल, थोडा चॉकलेट मॉल्ट, हॉप्स फक्त सुरुवातीला फगल. मॅश ६९ डिग्रीला केला म्हणून एवढ्या कमी अल्कोहोलला पण पाणचट लागत नाही. लावल्यापासून चौदाव्या दिवशी पीत होतो. मला विचाराल तर घरी बनवायला याच्याइतकी समाधान देणारी बिअर दुसरी नाही, आणि लोक ती बनवतच नाहीत, सगळ्यांना मोठं अल्कोहोल आणि मूठभर हॉप्स पाहिजेत.

लवंगआणिकेळं

माझ्याकडे हेफेवाइझन (गव्हाची जर्मन बिअर), सलग चौथी बॅच, कारण मला ती जोपर्यंत मनासारखी येत नाही तोपर्यंत दुसरं काही लावायचं नाही असं ठरवलंय. पहिल्या दोन बॅच नुसतं केळं होत्या, वास घेतला की बरं वाटायचं पण अर्ध्या ग्लासात कंटाळा. मला लवंग हवी होती. मग तिसरीपासून मॅशच्या आधी ४४ डिग्रीला पंधरा मिनिटं थांबा द्यायला लागले. त्या तापमानाला मॉल्टमधलं फेरुलिक ॲसिड सुटतं आणि वाइझनचं यीस्ट त्यापासून ती लवंगेची चव बनवतं. केळं वेगळ्या वाटेने येतं, तो एस्टर (फळासारखा वास देणारा पदार्थ) आहे, गरम फर्मेंटेशनला वाढतो. म्हणजे दोन वेगवेगळी बटणं आहेत हे एकदा डोक्यात बसलं की मग खेळता येतं.

चौथी बॅच अशी, ६० टक्के गहू, बाकी पिल्सनर मॉल्ट, ४४ चा थांबा, यीस्ट १७ ला लावलं, दोन दिवसांनी २० पर्यंत जाऊ दिलं. काल पहिली बाटली उघडली. लवंग आधी, केळं मागे, आणि शेवटी गव्हाचा तो हलका आंबूस ताजेपणा, मी खूप खूश आहे. शेजारी वाइहेनस्टेफानर ठेवली होती, त्यांचा फेस माझ्यापेक्षा किती तरी वेळ टिकतो, ते कसं करतात ते मला शिकायचंय. कोणी गव्हाच्या बिअरमध्ये फेसावर काम केलं असेल तर सांगा, माझा संशय ५० डिग्रीच्या थांब्यावर आहे, तो मी जास्त वेळ देत होते, वीस मिनिटं, आणि आजचा मॉल्ट आधीच पुरेसा तयार असतो, त्यात अजून प्रोटीन तुटली तर फेसाचं नुकसान.

साझप्रेमी, तुमचा १८ डिग्रीचा प्रयोग कसा होतो ते नक्की लिहा.

थंडतळघर

ताई, संशय बरोबर आहे. ५० चा थांबा काढून टाका, ४४ वरून सरळ ६६, मग ७२ ला दहा मिनिटं. आणि ग्लास एकदम स्वच्छ, साबणाचा किंवा तेलकटपणाचा अंश राहिला तरी फेस बसतो, आधी ते तपासा.

पहिलीबॅच

सगळ्यांना नमस्कार, मी नवीन, वाचूनच खूप शिकायला मिळतंय. माझी पहिली बॅच पेल एल, सिएरा नेवाडा पेल एल मला फार आवडते म्हणून तशीच करायची होती, सगळे हॉप्स कॅस्केड, यीस्ट यूएस-०५, सुरुवात १.०५२. सातव्या दिवशी बुडबुडे थांबले म्हणून बॉटलिंग केलं, ग्रॅव्हिटी १.०१८ होती, २० लिटरला १२० ग्रॅम साखर घातली. आज बाटल्यांना सहा दिवस झाले. एक उघडली तर अर्धी बाटली फेस होऊन बाहेर, चव मात्र छान आहे. असं होतं का सुरुवातीला? अजून दोन आठवडे ठेवल्यावर बसेल का ते?

अर्धापाइंट

बसणार नाही, वाढेल. हे आत्ता लगेच वाच आणि लगेच कर.

यूएस-०५ साधारण १.०१० ते १.०१२ पर्यंत जातं. तुझी १.०१८ ला अडकली होती किंवा अजून चालू होती, बुडबुडे थांबणं म्हणजे फर्मेंटेशन संपणं नव्हे, झाकणातून गॅस जात असेल तरी बुडबुडे थांबतात. आता ते उरलेले सहा पॉइंट बाटलीत संपतायत. एक पॉइंट म्हणजे अंदाजे अर्धा व्हॉल्यूम गॅस (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस), म्हणजे सहा पॉइंटचे तीन व्हॉल्यूम, आणि तुझी १२० ग्रॅम साखर एकटीच पेल एलला पुरेसे अडीचच्या आसपास व्हॉल्यूम देण्यासाठी होती. बेरीज साडेपाचला जाते. साधी काचेची बाटली त्यासाठी बनवलेली नसते, ती फुटते, आणि फुटते तेव्हा काचा भिंतीत जाऊन रुततात, माझ्या बाबतीत झालंय, नशिबाने खोलीत कोणी नव्हतं.

आधी डोळ्यांना गॉगल, हातात जाड मोजे, लांब बाह्या, हे टाळू नकोस. बाटल्या एकेक करून जाड टॉवेलमध्ये धरून फ्रिजमध्ये, जितक्या थंड होतील तितक्या, म्हणजे गॅस बिअरमध्ये विरघळेल आणि यीस्ट मंदावेल. एक दिवस पूर्ण गार होऊ दे. मग टॉवेल वरूनच धरून बूच अगदी थोडं उचल, फुस्स झालं की सोड. दोन-तीन तासांनी परत. सगळ्या फ्रिजमध्ये मावत नसतील तर उरलेल्या झाकणाच्या जाड खोक्यात घालून, लोक फिरकत नाहीत अशा जागी ठेव आणि पाळीने आत घे. मग लवकर पिऊन टाक, त्या बाटल्या परत बाहेर खोलीच्या तापमानाला ठेवू नकोस.

आणि पुढच्या वेळी ग्रॅव्हिटी तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोज, आकडा हलला नाही तरच बॉटलिंग. तुझ्या चवीला छान आलीय हे खरंच मोठं आहे पहिल्या बॅचला, म्हणजे स्वच्छता आणि यीस्ट दोन्ही बरोबर केलंस.

पहिलीबॅच

बापरे. आत्ताच सगळ्या आत घातल्या, अठ्ठावीस मावल्या, बाकीच्या खोक्यात झाकण लावून कोपऱ्यात. खूप खूप आभार, मला कोणीच हे असं समजावून सांगितलं नव्हतं.

उबदारफर्मेंटर

सगळे थंड ठेवायच्या गप्पा मारतायत म्हणून उलट बाजूने लिहितो, ज्यांच्याकडे फ्रिज नाही त्यांच्यासाठी. क्वेइक वापरून बघा. नॉर्वेतलं शेतावरचं यीस्ट, घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून ठेवायचे आणि पुढच्या वेळी सरळ वर्टमध्ये (मॉल्टच्या न आंबलेल्या गोड रसात) टाकायचे. माझ्याकडे व्होस भागातलं आहे. ३७ डिग्रीला लावतो. ज्या तापमानाला इतर एलचं यीस्ट नेल पॉलिशसारखा वास आणि डोकं दुखवणारं अल्कोहोल देईल तिथे हे संत्र्याच्या सालीसारखा हलका वास देतं आणि तीन-चार दिवसांत काम संपवतं. एकच अट, हलक्या वर्टमध्ये त्याला उपाशी वाटतं, त्यामुळे १.०५० च्या खाली असाल तर यीस्ट न्यूट्रियंट नक्की घाला, माझ्या पहिल्या दोन बॅच त्याशिवाय १.०२० ला अडकल्या होत्या. प्रत्येक बॅचनंतर तळातला गाळ बेकिंग पेपरवर पातळ पसरून वाळवतो, चुरा करून डब्यात घालून फ्रीझरमध्ये. सातवी पिढी चालू आहे आणि मला दर वेळी वाळलेले तुकडे जागे होताना बघायला तितकंच आवडतं.

पितोय ऑर्वाल, बेल्जियन बिअर. बॉटलिंगच्या वेळी ब्रेट (एक रानटी यीस्ट) घालतात त्यामुळे ताजी आणि वर्षभर जुनी अशा दोन एकदम उघडल्या, ताजीत हॉप्स पुढे आणि जुनीत कोरडी, चामड्यासारखी, तबेल्यासारखी, एकाच बिअरच्या दोन वयांची गोष्ट ग्लासात दिसते. एक ट्रॅपिस्ट (मठात बनणारी) बिअर समजून घ्यायची असेल तर मी हीच सुचवेन.

साझप्रेमी

अपडेट. त्याच रात्री १८ वर नेलं. दुसऱ्या दिवशी एअरलॉक परत बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी १.०१२, टेस्ट केली, गार सॅम्पलमध्ये मला काहीच आलं नाही पण गरम केलेल्यात लोणी, स्पष्ट. बायकोला न सांगता दोन्ही ग्लास दिले, तिनेही तोच उचलला. म्हणजे आणखी लोणी व्हायचं बाकी होतं आणि मी शनिवारी क्रॅश करणार होतो. अजून दोन दिवस ठेवलं, परत टेस्ट, दोन्ही स्वच्छ. ग्रॅव्हिटी १.०१२ वरच थांबली. आता दिवसाला दोन डिग्री करत २ वर आणतोय, पाच आठवडे लागरिंग.

थंडतळघर दादा, मनापासून आभार. ही टेस्ट मला आधी माहीत असती तर मागच्या वर्षीची एक एल का तशी झाली होती ते पण कळलं असतं.

साझप्रेमी

पाच आठवडे आणि वर बाटलीत तीन. आज उघडली. ४.७ टक्के. रंग उर्केलपेक्षा फिकट, ती तांबूस सोनेरी आहे, माझी गवतासारखी पिवळी. फेस चांगला. लोणी नाही, मी शोधलं, नाही. कडवटपणा कमी लांबतो, आणि मॉल्ट जिथे त्यांचा भाकरीच्या कडेसारखा खरपूस लागतो तिथे माझा साधा पांढऱ्या ब्रेडसारखा. अर्धापाइंट म्हणाले होते ते आता पटतंय, शेजारी शेजारी प्यायल्यावर माझी जराशी एकसुरी वाटते, त्यांच्यात जो गोलसरपणा आहे त्यात थोडा हात त्या लोण्याचा असणार. पण ही मला आवडली, दुसरा ग्लास भरून घेतलाय.

पुढची तीच रेसिपी, पण एक डिकॉक्शन करून. मॅशचा एक तृतीयांश जाड भाग काढून उकळायचा, परत मिसळून ६३ वरून ७० ला न्यायचं असं ठरवलंय. उकळ किती वेळ ठेवू, दहा मिनिटं की वीस?

थंडतळघर

वीस, आणि पूर्ण वेळ ढवळत राहा, तळाला लागलं तर सगळी बॅच करपट होते. काढतानाही पातळ पाणी मॅशमध्येच राहू दे, एन्झाइम त्यात असतात. ७० ला जेवढं लागतंय तेवढंच परत घाल, उरलेलं गार झाल्यावर.